फूल आणि गाणं
(आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त मेट्रनबाईंनी केलेलं भाषण)



कमिटीने मला सांगितलं होतं, की बोर्डिंगमधल्या तुमच्या सेवेच्या आठवणी सांगा. आठवणी पुष्कळ आहेत. धान्याचं पोतं उंदरांनी फोडलं त्यापासून पुरात रस्ता वाहून गेला त्यापर्यंत. त्या तुम्ही आधी ऐकल्या आहेत, काही तर माझ्यापेक्षा चांगल्या तऱ्हेने दुसऱ्यांनी सांगितल्या आहेत. आज मी एकच आठवण सांगणार आहे, आणि ती माझ्या चुकीची आहे. पण ती चूक मला कळली ती इथे नाही, कॅलिफोर्नियात, मेक्सिकन लोकांच्या एका कवितावाचनात. म्हणून थोडं लांबून यावं लागेल. धीर धरा.

१९८१ सालची गोष्ट. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. त्या भागातल्या एका बोर्डिंगात मी नुकतीच मेट्रन म्हणून लागले होते. वय सव्वीस. बोर्डिंगचा नियम असा, की मुलींनी आपसात मराठीतच बोलायचं, आणि गायचं तर फक्त ‘उपासना संगीता’तलं. नियम मी केलेला नव्हता, पण पाळायला मला आवडायचा, हेही कबूल करते. आम्हाला वाटायचं, मराठी आली की मुली शिकतील, पुढे जातील. आणि घरची गाणी म्हणजे जुना अंधार.

एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची. मावची घरातली. भांडी घासताना गायची. भात लावताना तिच्या गावच्या बायका जे म्हणत ते. मी तिला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सगळ्या मुलींसमोर उभं केलं, आणि पाटीवर ‘मी असली गाणी म्हणणार नाही’ हे शंभर वेळा लिहायला लावलं. पाटीवर शंभर वेळा लिहिता येत नाही. भरली की पुसायची, परत लिहायचं. तिने लिहिलं. रडली नाही. मात्र त्यानंतर ती संध्याकाळच्या प्रार्थनेतही गाईना. ओठ हलायचे, आवाज नसायचा. मला वाटलं, रुसली आहे, येईल ताळ्यावर. चार वर्षं ती तशीच ओठ हलवत राहिली, आणि मग बोर्डिंग सोडून गेली.

ही गोष्ट मी विसरले होते. खरंच विसरले होते.

निवृत्तीनंतर, २०१७ साली, मी मुलीकडे सॅक्रामेंटोला गेले. नातू झाला होता. सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी, पण आजूबाजूला सगळी शेती. ऑगस्टमध्ये हमरस्त्यावरून टोमॅटोने भरलेले ट्रकच्या ट्रक जातात, वळणावर चार-दोन टोमॅटो सांडलेले असतात. त्या टोमॅटोंमागे, द्राक्षांमागे, बदामांमागे जे हात आहेत ते बहुतेक मेक्सिकोहून आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्यांचे. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत अशा मुळाचे ६ कोटी २१ लाख लोक मोजले गेले. त्यांना लॅटिनो म्हणतात. बाई असेल तर लॅटिना. स्त्री-पुरुष सगळे एका शब्दात यावेत म्हणून अलीकडे काहीजण लॅटिनेक्स म्हणतात. तो शब्द तिथल्या सगळ्यांनाच रुचतो असं नाही. माझ्या शेजारणीला तर हसूच यायचं.

तर ही शेजारीण. पन्नाशीची, मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतातली. रात्री ऑफिसं झाडायची, दिवसा झोपायची, संध्याकाळी फाटकाशी उभी असायची. मला ‘दोन्या’ म्हणायची. आपल्याकडे वडीलधाऱ्या बाईला ‘बाई’ म्हणतात तसा त्यांचा मानाचा शब्द आहे. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं जमलं. एकदा म्हणाली, “दोन्या, शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये चला. आमची कविता आहे.” मला वाटलं मुलांचा कार्यक्रम असेल. तोंडावर नाही म्हणवेना, गेले.

तिथे साठ-सत्तर माणसं होती. भिंतीला लागून एका टेबलावर जेवण, प्रत्येकाने घरून काहीतरी आणलेलं. मक्याच्या कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवलेले तामालेस होते. आपली पानगी केळीच्या पानात होते, तसं काहीसं. आधी जेवण, मग कविता. हे मला फार आवडलं, कारण आपल्याकडे भुकेल्या पोटी दोन तास बसवतात. (पाळकसाहेब हसताहेत. माझा रोख कोणावर नाही.)

मग एकेक जण उठून वाचू लागला. बसचा ड्रायव्हर, शाळेतली शिक्षिका, एक म्हातारे गृहस्थ जे आयुष्यभर द्राक्षं तोडत आले होते. कुणी स्पॅनिशमध्ये, कुणी इंग्रजीत, आणि बरेचजण एकाच ओळीत दोन्ही भाषांत, आपण बोलताना करतो तसं. मला निम्मं कळत नव्हतं. शेजारीण कानाशी सांगत होती. कुणाच्या कवितेत सीमा ओलांडताना हरवलेला भाऊ, कुणाच्या कवितेत आजीचा तवा, कुणाच्या कवितेत देवाशी चक्क भांडण. त्या भांडणाला लोक ‘आमेन’ म्हणत होते. माझ्या मनात आलं, हे सभागृह आहे की उपासना? स्तोत्रसंहितेतही देवाशी भांडणारी स्तोत्रं आहेतच की. बाबेलच्या नदीकाठी बसून रडणाऱ्यांचं स्तोत्र आपण वाचतो, पण चालीवर कधी म्हणत नाही. ती माणसं म्हणत होती.

शेवटी एक रीत झाली. जे गेले त्यांची नावं घ्यायची. एकजण नाव उच्चारतो आणि सगळा हॉल म्हणतो, ‘प्रेसेंते’. म्हणजे ‘हजर’. शाळेच्या हजेरीत म्हणतो तसं. कवींची नावं झाली, आज्यांची झाली. माझ्या शेजारणीने तिच्या आईचं नाव घेतलं आणि सत्तर माणसं ‘हजर’ म्हणाली. ती तशीच उभी राहिली, बसेचना.

घरी येताना तिने सांगितलं. आई गावी वारली तेव्हा तिला जाता आलं नव्हतं. कागदपत्रं नव्हती. गेली असती तर परत येता आलं नसतं, आणि मुलं इथे. आईला माती देता आली नाही. त्यानंतर तिची प्रार्थना बंद पडली. मिस्साला जायची, गुडघे टेकायची, पण शब्द येत नसत. “तोंड हलायचं, दोन्या,” ती म्हणाली, “आत काही नसायचं.” मग कुणीतरी तिला ह्या कवितेच्या मंडळात नेलं. महिनाभर ती नुसती ऐकत बसली. दुसऱ्या महिन्यात आईच्या हातांवर चार ओळी लिहिल्या. रोज मक्याचं पीठ मळणारे हात. त्या चार ओळी तिने वाचल्या, आणि त्या रात्री ऑफिस झाडताना तिला प्रार्थना आली. अशी अचानक, झाडू हातात असताना.

‘तोंड हलायचं, आत काही नसायचं.’ हे शब्द मी ऐकले, आणि छत्तीस वर्षांपूर्वीची ती पाटी माझ्यासमोर आली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे आठ महिने मी त्या हॉलमध्ये जात राहिले. वाचनालयातून पुस्तकं आणली, मुलीकडून समजून घेतली. जे कळलं त्यातलं थोडं सांगते, कारण त्याचा आपल्या कामाशी जवळचा संबंध आहे.

त्या हॉलला लागून असलेल्या कॅथलिक चर्चमध्ये बाकांवर गीतपुस्तकं ठेवलेली असत. नाव ‘फ्लोर इ कांतो’, म्हणजे फूल आणि गाणं. अमेरिकेतल्या पुष्कळ स्पॅनिश मंडळ्यांत हेच पुस्तक वापरतात. नाव गोड आहे एवढंच मला वाटलं. पण ते स्पॅनिश नाव मुळात एका आदिवासी भाषेतून आलं आहे. स्पॅनिश लोक यायच्या आधी मध्य मेक्सिकोत नाहुआत्ल भाषा बोलत, आजही लाखो लोक बोलतात. त्या भाषेत ‘कविता’ म्हणायची तर दोन शब्द जोडून म्हणत: ‘इन शोचित्ल इन कुइकात्ल’, फूल आणि गाणं. ह्या पृथ्वीवर खरं असं जे काही बोलता येईल ते फुलातून आणि गाण्यातूनच, अशी त्यांची समजूत होती. (तुम्हाला ही भाषा परकी वाटेल, पण ‘टोमॅटो’ हा शब्द तिचाच. आपल्या डहाणू-घोलवडचा चिकूही तिथूनच, नाव आणि फळ दोन्ही.)

त्यांच्या कॅथलिक परंपरेत १५३१ साली तेपेयाक टेकडीवर हुआन दिएगो नावाच्या आदिवासी माणसाला मरियेचं दर्शन झाल्याची कथा आहे. ती कथा नाहुआत्लमध्येच लिहिली गेली आणि १६४९ साली छापली गेली. आपण मरियेची भक्ती त्या रीतीने करत नाही, पण कथा कशी सांगितली आहे ती बघा. सुरुवातीला टेकडीवर पाखरांचं गाणं ऐकू येतं, आणि शेवटी डिसेंबरच्या थंडीत त्याच्या पांघरुणातून फुलं सांडतात. आधी गाणं, मग फुलं. सॅन अँटोनियोचे एक मेक्सिकन-अमेरिकन धर्मगुरू, फादर व्हर्जिलियो एलिझोन्दो, ह्यांनी आयुष्यभर हे समजावून सांगितलं, की जिंकलेल्या, लुटलेल्या लोकांना देवाची गोष्ट त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच सत्याच्या खुणेने भेटली. १९७३ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मेक्सिकन-अमेरिकन कवींचा पहिला मोठा मेळावा भरला तेव्हा त्यांनी नाव ठेवलं, ‘फ्लोर इ कांतो’. चर्चमधलं गीतपुस्तक आणि कवींचा मेळावा, दोघांचं नाव एक. माझ्या शेजारणीला ह्यात काही विशेष वाटत नव्हतं. तिच्यासाठी ते एकच होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभी आहे ती सांगते.

सतराव्या शतकात मेक्सिकोच्या दक्षिणेकडे, आतेनांगो नावाच्या गावी, एर्नांदो रुइस दे अलार्कोन नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांना आढळलं, की बाप्तिस्मा झालेले आदिवासी लोकही शेतात, रानात, आजारपणात जुने मंत्र म्हणतात. मका पेरताना, हरणाच्या शिकारीला जाताना, मध काढताना, मासे धरताना, मोडलेलं हाड बसवताना, विंचू चावला तर. धर्मगुरूंना वाटलं, हा अंधार मुळापासून उपटला पाहिजे. त्यासाठी तो आधी नीट कळला पाहिजे. म्हणून त्यांनी लोकांना पकडलं, विचारलं, दटावलं, शिक्षा केल्या, आणि ते मंत्र शब्दन् शब्द नाहुआत्लमध्ये लिहून काढले, स्पॅनिश अर्थासकट. १६२९ साली ग्रंथ पुरा झाला. हेतू असा, की दुसऱ्या धर्मगुरूंना हे मंत्र ओळखता यावेत आणि बंद पाडता यावेत.

साडेतीनशे वर्षं गेली. लॉस एंजेलिसजवळ १९५४ साली जन्मलेला, ग्वादालाहारात आजीजवळ वाढलेला एक मुलगा होता. आजीची गाणी तो वहीत उतरवून ठेवायचा आणि त्यातूनच कवितेला लागला. तो पुढे संशोधनासाठी मेक्सिको शहरात गेला असताना त्याच्या हाती हा ग्रंथ पडला. त्याचं नाव फ्रान्सिस्को अलार्कोन. आडनाव तेच! ज्या पुस्तकाने मंत्र पुसून टाकायचे होते त्याच पुस्तकात ते जपले गेले होते. कवीने ते वाचले, आणि धर्मगुरूच्या शेऱ्यांच्या खालून आपल्या आज्या-पणज्यांचे आवाज बाजूला काढले. त्यांना उत्तरं म्हणून स्वतःच्या कविता लिहिल्या. नाहुआत्ल, स्पॅनिश, इंग्रजी, तिन्ही शेजारी शेजारी. १९९२ साली, कोलंबसाला पाचशे वर्षं झाली त्याच वर्षी, ‘स्नेक पोएम्स’ नावाने ते पुस्तक आलं. हा कवी पुढे सॅक्रामेंटोजवळच्या डेव्हिस विद्यापीठात शिकवत होता. २०१६ च्या जानेवारीत तो वारला. मी पोहोचले ती त्यानंतर वर्षाने, पण त्या हॉलमध्ये त्याचं नाव घेतलं की लोक अजून ‘हजर’ म्हणत.

तुमच्यापैकी काहींच्या मनात येत असेल, की बाई आता आपल्याला मंत्र म्हणायला सांगणार का? नाही. त्या मंत्रांत जुन्या देवांची नावं आहेत, आणि ‘स्नेक पोएम्स’ मी आपल्या उपासनेत वाचणार नाही. पण मी त्या धर्मगुरूंचा विचार करते. ते दुष्ट नव्हते. कष्टाळू होते, भाषा उत्तम शिकले होते. भाषा शिकायची मेहनत आपल्याकडे फादर स्टीफन्सनीही घेतली. त्याच काळात, १६१६ साली, गोव्यात त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापलं गेलं. एकाने लोकांचे शब्द ऐकले ते गुन्हा शोधण्यासाठी, दुसऱ्याने ऐकले ते त्याच शब्दांत ख्रिस्ताची गोष्ट सांगण्यासाठी. मी सव्वीस वर्षांची असताना कुणाच्या बाजूला उभी होते, ते तुम्हाला सांगायला नको. आणि मी तर ऐकलंही नव्हतं. त्या मुलीच्या गाण्यात काय होतं हे मी एकदाही विचारलं नाही. त्यात देव होते की भूत होतं, की नुसता पाऊस आणि चिखल होता, मला आजही माहीत नाही. धर्मगुरूंनी निदान लिहून तरी ठेवलं. मी पुसायला लावलं.

अमेरिकेतल्या ह्या कवींपैकी कितीतरी जणांना अशी पाटी मिळाली आहे. टेक्ससची ग्लोरिया आन्साल्दुआ हिला मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलताना पकडलं म्हणून बोटांवर पट्टी बसली होती, हे तिने १९८७ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. हुआन फेलिपे एरेरा हा शेतमजुरांचा मुलगा. कॅलिफोर्नियातल्या फाउलर गावी १९४८ साली जन्मला, आईबापांबरोबर एका शेतावरून दुसऱ्या शेतावर तंबूत राहत फिरला. आई त्याला गाणी म्हणून दाखवायची. शाळेत गेला तर स्पॅनिश बोलला म्हणून मार, आणि पोरगा मुका झाला. पुढे सॅन डिएगोत तिसरीत त्याला सॅम्पसन बाई भेटल्या. त्यांनी त्याला वर्गासमोर उभं केलं (मीही वर्गासमोरच उभं केलं होतं), गायला लावलं, आणि तुझा आवाज सुंदर आहे, असं सांगितलं. एवढंच. २०१५ साली हा मुलगा अमेरिकेचा राजकवी झाला, त्या पदावर बसलेला पहिला लॅटिनो. तेव्हा त्याने नव्वदी ओलांडलेल्या सॅम्पसन बाईंना समारंभाला बोलावलं, आणि त्या आल्या. ही गोष्ट मुलीने मला वाचून दाखवली तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले.

एकट्या शिक्षिकेच्या भरवशावर किती मुलं सावरणार? म्हणून ह्या लोकांनी मंडळं केली. १९९५ साली सान्द्रा सिस्नेरोस ह्या लेखिकेने सॅन अँटोनियोत स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती काही लिहिणाऱ्यांना जमवलं. त्याचं पुढे ‘मकोन्दो’ नावाचं मोठं शिबिर झालं. २००९ साली पाच कवींनी ‘कांतोमुन्दो’ सुरू केलं, लॅटिनो कवींनी काही दिवस एकत्र राहायचं, लिहायचं, ऐकायचं. त्याचं पहिलं शिबिर पुढच्या वर्षी आल्बुकर्की शहरात भरलं. २०१० मध्ये अ‍ॅरिझोना राज्याने स्थलांतरितांविरुद्ध कडक कायदा आणला. तेव्हा नऊ विद्यार्थ्यांनी विधानभवनाच्या दारांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. त्यांच्यासाठी ह्याच फ्रान्सिस्को अलार्कोनने कविता लिहिली, आणि बघता बघता देशभरातून कवितांचा ओघ सुरू झाला. त्यातून निवडलेलं पुस्तक त्याच्या मृत्यूच्या वर्षी छापून आलं.

मला मात्र सगळ्यांत जवळचा वाटला तो आन्द्रेस मोन्तोया. हा ख्रिस्तभक्त होता, उघड, न लाजता. फ्रेझ्नो शहरातला. शेतात राबला, चर खणले, बर्फाच्या कारखान्यात काम केलं. त्याच्या कवितांत फ्रेझ्नोचे रस्ते आहेत, व्यसनात बुडालेली पोरं आहेत, सुरे आहेत, तुरुंग आहे आणि ह्या सगळ्याच्या मधोमध प्रार्थना आहे, धुऊनपुसून शुद्ध केलेली नाही, घाम आलेली. त्याचं पहिलं पुस्तक, ‘द आइस वर्कर सिंग्ज’, १९९९ साली आलं आणि त्याच वर्षी तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. एकतीस वर्षांचा होता. मागे हस्तलिखितं राहिली.

आता मंडळी काय करते ते बघा. मित्रांनी ती हस्तलिखितं सांभाळली, आणि अठरा वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याचा मित्र दानिएल चाकोन ह्याने संपादित केलेलं दुसरं पुस्तक निघालं. नोत्र दाम ह्या कॅथलिक विद्यापीठातल्या लॅटिनो साहित्याच्या विभागाने २००४ साली त्याच्या नावाने पारितोषिक सुरू केलं. ते कुणाला मिळतं? ज्याचं एकही पुस्तक निघालेलं नाही अशा लॅटिनो कवीला, पहिलं पुस्तक छापण्यासाठी. पहिल्यांदा ते एल पासोच्या शेरिल लूना हिला मिळालं. मेलेल्या माणसाच्या नावाने दर वेळी एका नव्या गळ्याला आवाज मिळतो. ‘हजर’ म्हणतात ते असं. मृतांना हाक मारणं आपल्या शिकवणुकीत बसत नाही, हे मला माहीत आहे. पण इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायातले साक्षीदार आपण मानतो ना? त्या हॉलमध्ये शेवटच्या शुक्रवारी मीही उठले आणि माझ्या आईचं नाव घेतलं. देवशालाबाई. सत्तर मेक्सिकन गळ्यांनी ते वेडंवाकडं उच्चारून ‘प्रेसेंते’ म्हटलं. माझ्या आईने आयुष्यात सोलापूर आणि नगर सोडून काही पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर मी त्या मुलीला शोधलं. बोर्डिंगच्या जुन्या रजिस्टरवरून गाव मिळालं, पाळकसाहेबांच्या ओळखीने फोन नंबर मिळाला. आता तीही आजी झाली आहे. मी फोनवर नाव सांगितलं तर ती पटकन म्हणाली, “बाई, नमस्ते, तब्येत कशी आहे?” जणू काही झालंच नव्हतं. मी पाटीची आठवण काढली. ती गप्प राहिली. मग म्हणाली, “आठवते.” मी माफी मागितली. शब्द नीट जुळले नाहीत. इतकी वर्षं मुलींना माफी मागायला शिकवली, स्वतःवर आली तेव्हा अडखळले. तिने “असू द्या बाई” म्हटलं. असू द्या म्हणजे माफ केलं, की विषय बदला, हे मला आवाजावरून ओळखता आलं नाही, आणि खोदून विचारण्याचा हक्क मला नव्हता.

मी गेल्या पावसाळ्यात तिच्या गावी गेले. चहा झाला. ती मंडळीच्या स्त्री-संघात आहे, मराठी गीतं चांगली म्हणते, आवाज परत आला आहे. मी भीत भीत विचारलं, “ते गाणं आठवतं का?”

“अर्धं,” ती म्हणाली. “बाकीचं माझ्या मावशीला येतं. तिला ऐकू कमी येतं, मोठ्याने बोलावं लागेल.”

मावशीचं घर नाल्याच्या पलीकडे आहे. त्या दिवशी पाणी फार होतं, जाता आलं नाही. पाणी ओसरलं की ती मला घेऊन जाणार आहे. कमिटीला माझी एकच विनंती आहे: एक वही आणि आवाज टिपणारं एखादं यंत्र मिळावं, आणि मावची लिहिता येणारी एखादी तरुण मुलगी माझ्याबरोबर द्यावी. मावशींचं वय ऐंशीच्या वर आहे.